काळा किती काळा? सिनेमासाठी टीव्ही निवडताना

टीव्ही घ्यायला निघालेला माणूस विचारतो, “५५ इंची घेऊ की ६५?” पाठोपाठ दुसरा प्रश्न येतो, “ओएलईडी, क्यूएलईडी, मिनी एलईडी, यात फरक काय?” टीव्ही घेऊन महिना झालेल्याचा प्रश्न मात्र वेगळाच असतो. “दुकानात एवढा झगमगत होता, मग घरी सिनेमा लावला की धुरकट का दिसतो?”

या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात केली, तर आधीचे दोन आपोआप सुटत जातात. एप्रिल २०१९ मध्ये ‘गेम ऑफ थ्रोन्स’ या मालिकेचा रात्रीच्या लढाईचा भाग प्रसारित झाला आणि काहीच दिसलं नाही, अशी तक्रार जगभरातल्या प्रेक्षकांनी केली. तो भाग चित्रित करणारे फाबियन वॅगनर यांचं म्हणणं होतं की दोष चित्रणात नाही, लोकांच्या टीव्हीच्या सेटिंगमध्ये आहे. दोष कोणाचा हा वाद बाजूला ठेवू. एक गोष्ट त्यातून स्पष्ट झाली. क्रिकेटचा सामना आणि बातम्या कुठल्याही टीव्हीवर चांगल्या दिसतात; टीव्हीची खरी परीक्षा होते ती अंधाऱ्या दृश्यात. सिनेमासाठी टीव्ही घ्यायचा असेल तर तो किती उजळ होतो हे नंतर बघावं, किती काळा होतो हे आधी.

१. थिएटरचा पडदा किती उजळ असतो?

थिएटरचा पडदा घरच्या टीव्हीपेक्षा कितीतरी उजळ असेल, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात उलट आहे. पडद्याचा उजेड ‘निट’ या एककात मोजतात. आकडा मोठा तितका पडदा उजळ. डिजिटल थिएटरच्या मानकानुसार पडद्यावरचा शुभ्र पांढरा रंग ४८ निट्स एवढाच असतो. स्वस्तातला टीव्हीसुद्धा २५० ते ३०० निट्स देतो, म्हणजे पाच-सहा पट.

तरीही थिएटरमधलं चित्र जास्त खोल आणि भारदस्त वाटतं, कारण तिथे बाकीचा सगळा उजेड विझवलेला असतो. डोळा उजेडाचा आकडा मोजत नाही, उजेड आणि काळोख यांतला फरक टिपतो. सर्वांत उजळ पांढरा आणि सर्वांत गडद काळा यांच्या या गुणोत्तराला ‘कॉन्ट्रास्ट’ म्हणतात. पांढरा ३०० निट्स आणि काळा ०.३ निट असेल तर कॉन्ट्रास्ट झाला एक हजारास एक. काळा ०.१ वर आणला की तोच होतो तीन हजारास एक. पांढऱ्याला हातही न लावता चित्र तिप्पट ठसठशीत झालं.

दुकानात हा फरक दिसत नाही. वर ट्यूबलाइट असतात, टीव्ही सर्वांत भडक मोडवर ठेवलेला असतो आणि पडद्यावर रंगीत मासे पोहत असतात नाहीतर फळं कापली जात असतात. त्या चित्रफितीत एकही अंधारी खोली नसते.

२. किती इंची?

टीव्हीचे इंच म्हणजे पडद्याच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतची तिरपी लांबी. खोक्यावर ती सेंटिमीटरमध्येही छापलेली असते; ५५ इंच म्हणजे साधारण १४० सेमी. किती इंची घ्यावा हे खोलीच्या आकारावरून ठरवू नका, सोफा आणि टीव्ही यांच्यातल्या अंतरावरून ठरवा.

पडद्याच्या दोन कडांकडे पाहताना डोळ्याशी जो कोन होतो, तो सिनेमासाठी किमान ३० अंश असावा, असा रूढ संकेत आहे. थिएटरसारखा अनुभव हवा असेल तर ४० अंश. भूमितीत न शिरता यातून एक सोपा हिशोब निघतो. टेपने अंतर मोजा, त्याचे इंच करा आणि १.६ ने भागा. आला तो किमान आकार. १.२ ने भागलं की थिएटरसारख्या अनुभवाचा आकार मिळतो.

सोफा ८ फुटांवर आहे असं समजा. ८ फूट म्हणजे ९६ इंच. भागिले १.६, उत्तर ६०. भागिले १.२, उत्तर ८०. म्हणजे ५५ इंची जरा लहान पडेल, ६५ इंची योग्य. अंतर ६ फूट असेल तर उत्तरं ४५ आणि ६० येतात. तिथे ५० किंवा ५५ इंची पुरतो.

आकार ठरला की भिंत मोजा. ६५ इंची पडदा साधारण १४४ सेमी रुंद असतो. जुन्या टीव्ही युनिटचा ठरीव कप्पा, लिफ्टचं दार आणि जिन्याचं वळण यांची मापं पैसे भरण्याआधी घेतलेली बरी. टीव्ही भिंतीवर लावणार असाल तर देवाच्या तसबिरीच्या उंचीवर लावू नका. बसल्यावर डोळे जिथे येतात, त्याच्या आसपास पडद्याचा मध्य यावा. तीन तास मान वर करून सिनेमा बघवत नाही.

३. फोर-के किती लांबून कळतं?

पडद्यावरचं चित्र बारीक ठिपक्यांचं बनलेलं असतं. या ठिपक्याला पिक्सेल म्हणतात. फुल एचडी पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८०, म्हणजे सुमारे २१ लाख पिक्सेल असतात. फोर-के पडद्यावर ३८४० गुणिले २१६०, म्हणजे सुमारे ८३ लाख. चौपट.

पण चौपट पिक्सेल म्हणजे चौपट चांगलं चित्र नव्हे. ५५ इंची पडदा १२२ सेमी रुंद असतो. त्यावर फुल एचडीचा एक पिक्सेल ०.६३ मिमीचा होतो. निरोगी डोळ्याला एवढे ठिपके साधारण ७ फुटांपर्यंत वेगळे ओळखू येतात. त्यापलीकडे ते एकमेकांत मिसळून जातात. फोर-केचा ठिपका निम्म्या रुंदीचा असल्याने तो साडेतीन फुटांनंतरच मिसळतो. म्हणजे ५५ इंची टीव्ही ९ फुटांवरून बघणाऱ्याला दोन्हींतला फरक जेमतेम जाणवेल.

मोठ्या आकारांत आता बहुतेक टीव्ही फोर-केच असतात, त्यामुळे हा निर्णय बाजारानेच घेऊन टाकला आहे. या हिशोबाचा खरा उपयोग एट-के नाकारायला होतो. तिथे पिक्सेल आणखी चौपट, जवळपास ३ कोटी ३२ लाख. दिवाणखान्यातल्या अंतरावरून ते वेगळे दिसत नाहीत आणि एट-केमध्ये बघायला सिनेमेही जवळपास नाहीत.

टीव्ही फोर-के असला तरी येणारं चित्र फोर-के हवं. नेटफ्लिक्सवर फोर-के फक्त सर्वांत वरच्या प्रीमियम प्लॅनमध्ये मिळतं आणि त्यासाठी सेकंदाला १५ मेगाबिट वेगाचं इंटरनेट असावं, असं कंपनी सांगते. आठ मेगाबिटचा एक मेगाबाइट होतो. त्या वेगाने अडीच तासांचा सिनेमा सलग आला तर जवळपास १७ जीबी डेटा लागतो. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर मोठा टीव्ही चालवायचा बेत असेल तर हा आकडा आधी बघा.

४. पडद्याचा चौथा हिस्सा काळाच असतो

सिनेमा लावला की वर-खाली काळे पट्टे का येतात? टीव्ही बिघडलेला नसतो. आजच्या टीव्हीची रुंदी उंचीच्या १.७८ पट असते. सिनेमाच्या चौकटी मात्र वेगवेगळ्या काळात वेगवेगळ्या होत्या आणि आजही आहेत.

प्रभातचा ‘संत तुकाराम’ १९३६ चा. तेव्हाच्या बोलपटांची चौकट चौरसाच्या जवळची असे, रुंदी उंचीच्या १.३७ पट. असा सिनेमा आजच्या टीव्हीवर लावला की डावी-उजवीकडे पट्टे येतात. गुरुदत्त यांचा ‘कागज के फूल’ १९५९ चा, भारतातला पहिला सिनेमास्कोप सिनेमा. त्याची चौकट उंचीच्या सुमारे २.३५ पट रुंद. तिथे पट्टे वर आणि खाली येतात. दोन्ही वेळी पडद्याचा जवळपास चौथा हिस्सा रिकामा राहतो.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली आकाराची. ५५ इंची टीव्हीवर सिनेमास्कोप चित्राची उंची २० इंचांच्या आसपास राहते, म्हणजे ४३ इंची टीव्हीच्या पूर्ण उंचीपेक्षाही किंचित कमी. दोन आकारांत मन अडकलं असेल तर सिनेमावाल्याने मोठा घ्यावा, तो यासाठी. दुसरी गोष्ट काळ्या रंगाची. पडद्याचा चौथा हिस्सा अडीच तास काळाच राहणार असेल तर तो खरोखर काळा हवा. राखाडी पट्टे रात्री डोळ्यांना सतत खुपत राहतात. पट्टे घालवायला झूमचं बटण दाबणं हा मात्र उपाय नव्हे; त्यात चित्राच्या कडा, कधीकधी एखादं पात्रच, कापलं जातं.

५. काळा रंग येतो कुठून?

सगळ्या तांत्रिक नावांचा गुंता इथे सुटतो. बाजारातल्या टीव्हींचे मुळात दोनच प्रकार आहेत. एकात उजेड मागून येतो, दुसऱ्यात प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळतो.

पहिल्या प्रकाराला एलसीडी म्हणतात. एक मोठी चाळ डोळ्यांसमोर आणा. तिच्या सगळ्या खोल्यांमागे एकच भलामोठा दिवा कायम पेटलेला आहे. खोलीत अंधार हवा असेल तर खोलीवाल्याने खिडकी लावून घ्यायची. पण खिडकी कितीही घट्ट लावली तरी फटीतून थोडा उजेड येतोच. एलसीडीतला काळा रंग हा असा फटीतून उजेड येणारा काळा आहे, म्हणून तो राखाडी दिसतो.

या खिडक्यांचेही दोन मुख्य प्रकार आहेत. ‘व्हीए’ पॅनेलच्या खिडक्या घट्ट बसतात. कॉन्ट्रास्ट तीन ते सहा हजारास एक मिळतो, पण बाजूने बघितलं तर रंग फिके पडतात. ‘आयपीएस’ पॅनेल बाजूनेही चांगलं दिसतं, पण कॉन्ट्रास्ट हजारास एकच्या आसपास. समोर बसून दोघे-तिघे सिनेमा बघणार असतील तर व्हीए. सतरंजीपासून दिवाणापर्यंत सगळं घर पसरून बसत असेल तर आयपीएसचा विचार करावा. दुकानदाराला पॅनेलचा प्रकार सांगता येईलच असं नाही. बाजूला उभं राहून बघितलं की कळतं.

यावर तोडगा म्हणून चाळीतला एक दिवा काढून अनेक छोटे दिवे बसवले आणि त्यांना वेगवेगळी बटणं दिली. जिथे अंधाराचं दृश्य आहे त्या भागातले दिवे मंद करायचे. याला ‘लोकल डिमिंग’ म्हणतात. दिवे आणखी बारीक आणि हजारोंच्या संख्येने लावले की झाला ‘मिनी एलईडी’. फायदा मोठा आहे, पण एका बटणावर अजूनही बऱ्याच खोल्या असतात. त्यामुळे काळ्या आकाशातल्या चंद्राभोवती किंवा काळ्या पट्टीवरच्या पांढऱ्या सबटायटलभोवती धूसर वलय दिसू शकतं. स्वस्त टीव्हींत दिवे फक्त कडेला असतात किंवा मागे असूनही वेगवेगळे मंद होत नाहीत. खोक्यावर ‘एलईडी’ लिहिलेलं दोन्हींवर असतं. म्हणून ‘यात फुल अ‍ॅरे लोकल डिमिंग आहे का?’ हा प्रश्न नेमका विचारावा.

दुसरा प्रकार ओएलईडी. इथे मागचा दिवाच नाही. प्रत्येक खोलीत स्वतःचा दिवा, स्वतःचं बटण. काळा हवा असेल तर पिक्सेल पूर्ण विझतो. फटीतून यायला उजेडच नसतो. २०१३ पासून मोठ्या आकारात हे टीव्ही बाजारात आले आणि अंधाऱ्या खोलीत सिनेमा बघण्यासाठी आजही त्यांच्या तोडीचं काही नाही.

मग क्यूएलईडी? नाव ओएलईडीसारखं असलं तरी तो एलसीडीच आहे. त्यात ‘क्वांटम डॉट’ या अतिसूक्ष्म स्फटिकांचा थर असतो, ज्यामुळे लाल आणि हिरवा रंग जास्त शुद्ध उमटतो. या कणांच्या शोधासाठी २०२३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मौंगी बावेंडी, लुई ब्रूस आणि अलेक्सी एकिमोव्ह यांना मिळालं. शोध थोर आहे, पण त्याने रंग सुधारतात, काळा सुधारत नाही. ‘क्यूएलईडी’ वाचून थांबू नका, मागे लोकल डिमिंग आहे का ते बघा.

ओएलईडीला दोन मर्यादा आहेत. त्याचा पूर्ण पडदा एकदम फार उजळ होत नाही, त्यामुळे समोर मोठी खिडकी आणि भर दुपारची वेळ असेल तर मिनी एलईडी सरस ठरतो. शिवाय एकच चित्र वर्षानुवर्षं रोज तासन्‌तास एकाच जागी राहिलं, तर तिथले पिक्सेल जास्त झिजून पुसट छाप राहू शकते. सिनेमात हे होत नाही. पण दिवसभर वृत्तवाहिनी लावून ठेवणाऱ्या घरात कोपऱ्यातला लोगो आणि खालची लाल पट्टी हलतच नाहीत. अशा घराने ओएलईडी घेताना दोनदा विचार करावा.

६. एचडीआर: उजेड कुठे हवा?

काळा जमला की मग उजेड. जुन्या पद्धतीचं चित्र १०० निट्स एवढा उजेड धरून तयार होतं. एचडीआर चित्रात मशालीची ज्योत, तलवारीवरची चमक, ढगाआडचा सूर्य अशा लहान जागा १००० निट्स किंवा त्याहूनही उजळ करता येतात, बाकी चित्र मूळच्या उजेडात ठेवून. रंगांच्या पायऱ्याही वाढतात. आधी प्रत्येक मूळ रंगाच्या २५६ छटा, म्हणजे एकूण १ कोटी ६७ लाख रंग. एचडीआरमध्ये प्रत्येकी १०२४ छटा, म्हणजे १०० कोटींहून जास्त. संध्याकाळच्या आकाशात पट्टे न पडता रंग अलगद उतरतो तो यामुळे.

गोम अशी की ‘एचडीआर’ हा शिक्का ३०० निट्सच्या टीव्हीवरही असतो. तो टीव्ही एचडीआर चित्र स्वीकारतो, दाखवू शकत नाही. उलट उजळ भाग सामावून घेण्यासाठी अख्खं चित्र मंद करतो आणि सिनेमा आणखीच अंधारा दिसतो. सुरुवातीच्या तक्रारीचं अर्धं उत्तर इथे आहे. मिनी एलईडीत ८०० ते १००० निट्स मिळत असतील तर एचडीआरसाठी पैसे मोजण्यात अर्थ आहे. ओएलईडीचा काळा खोल असल्याने त्याला थोडे कमी निट्सही चालतात.

‘एचडीआर१०’ सगळीकडे चालतं. त्यात उजेडाच्या सूचना पूर्ण सिनेमासाठी एकदाच दिलेल्या असतात. ‘डॉल्बी व्हिजन’ आणि ‘एचडीआर१०+’ मध्ये त्या दृश्यागणिक बदलतात. सॅमसंगने आजवर डॉल्बी व्हिजन न घेता एचडीआर१०+ घेतलं आहे. पण चांगल्या पॅनेलवरचं साधं एचडीआर१० हे सुमार पॅनेलवरच्या डॉल्बी व्हिजनपेक्षा बरं दिसतं.

७. सिनेमा मालिकेसारखा का दिसतो?

नव्या टीव्हीवर जुना, पाठ असलेला सिनेमा लावला की कधीकधी तो सेटवर नाटक चालल्यासारखा गुळगुळीत दिसतो. बोलपट आल्यापासून सिनेमा सेकंदाला २४ चित्रांचा आहे आणि त्या वेगाची थोडी अस्पष्ट हालचाल आपल्याला सिनेमाची म्हणून ओळखीची झाली आहे. टीव्ही दोन चित्रांमध्ये स्वतः बनवलेली चित्रं भरतो. क्रिकेटमध्ये त्याने चेंडू नीट दिसतो, सिनेमात मात्र सगळं खोटं वाटायला लागतं.

डिसेंबर २०१८ मध्ये टॉम क्रूझ आणि दिग्दर्शक क्रिस्टोफर मॅक्वारी यांनी खास व्हिडिओ काढून ही सोय बंद करायला सांगितलं. २०१९ मध्ये मार्टिन स्कॉर्सेसी, क्रिस्टोफर नोलन यांच्यासारख्या दिग्दर्शकांच्या पाठिंब्याने ‘फिल्ममेकर मोड’ जाहीर झाला. हा मोड असलेल्या टीव्हीवर एका बटणात हे गुळगुळीत करणं बंद होतं.

आता १२० हर्ट्झची गोष्ट. हर्ट्झ म्हणजे पडदा सेकंदाला किती वेळा नवा होतो. ६० ला २४ ने पूर्ण भाग जात नाही, त्यामुळे एक चित्र तीन वेळा, पुढचं दोन वेळा असं दाखवावं लागतं आणि कॅमेरा संथपणे फिरताना किंचित हिसके जाणवतात. १२० ला २४ ने नेमका पाचाचा भाग जातो, हिसके नाहीत. जमलं तर १२० हर्ट्झ घ्यावा, पण लोकल डिमिंगचा बळी देऊन नव्हे. आणि ‘मोशन रेट २४०’सारख्या आकड्यांना फसू नका, पॅनेलचा खरा दर विचारा.

८. संवाद ऐकू का येत नाहीत?

टीव्ही पातळ झाला तसा स्पीकरला जागा उरली नाही. ते खाली किंवा मागे तोंड करून बसवलेले असतात, त्यामुळे संगीत दणाणतं आणि संवाद पुटपुटल्यासारखे येतात. सिनेमाच्या ध्वनीत संवाद मुख्यतः मधल्या चॅनेलवर असतात. म्हणून साउंडबार घेताना वॅटच्या आकड्यापेक्षा मधला स्वतंत्र स्पीकर आहे का ते बघा. ‘३.१’ किंवा ‘५.१’ असेल तर असतो, ‘२.१’ मध्ये नसतो. टीव्हीच्या ज्या एचडीएमआय खाचेवर ‘एआरसी’ किंवा ‘ईएआरसी’ लिहिलं आहे तिथेच तो जोडायचा. मग एकाच रिमोटने आवाज कमी-जास्त होतो. टीव्हीचं बजेट ठरवतानाच यासाठी रक्कम बाजूला काढा.

९. दुकानात काय तपासाल?

मोबाइलवर किंवा पेनड्राइव्हवर काही न नेता गेलात तरी चालेल. दुकानातल्या टीव्हीवर बहुधा स्ट्रीमिंग अ‍ॅप असतं. आधी मोड ‘सिनेमा’, ‘मूव्ही’ किंवा ‘फिल्ममेकर’ करायला सांगा. रंग थोडे पिवळसर वाटतील. तेच मूळ रंगांच्या जवळचे असतात. मग राही अनिल बर्वे यांचा ‘तुंबाड’ (२०१८) किंवा तुमच्या चांगल्या ओळखीचा, पाऊस, कंदील आणि अंधारे वाडे असलेला कुठलाही सिनेमा लावा. तीन गोष्टी बघा: सावलीत भिंतीचा पोत दिसतो का, काळ्या पट्ट्या राखाडी वाटतात का, पांढऱ्या सबटायटलभोवती वलय येतं का. मग दोन पावलं बाजूला सरकून पुन्हा बघा. पॅनेलची वॉरंटी किती वर्षांची हे बिलावर लिहून घ्या, कारण सर्वांत महाग दुरुस्ती पॅनेलचीच असते.

घरी आल्यावर तोच मोड ठेवा, मोशनची सोय बंद करा, शार्पनेस उतरवा. वीज वाचवणारा मोड रात्री सिनेमाचा उजेड खातो. सिनेमापुरता तो बंद ठेवायला हरकत नाही.

१०. तर मग कोणता घ्यावा?

रात्री दिवे घालवून सिनेमा बघणं हाच मुख्य उद्योग असेल तर ओएलईडी. दिवसाउजेडी सगळं घर टीव्ही बघत असेल, बातम्या आणि मालिका चालू राहत असतील आणि सिनेमा शनिवार-रविवारी होत असेल तर लोकल डिमिंगवाला मिनी एलईडी. बजेट बेताचं असेल तर व्हीए पॅनेलचा फोर-के टीव्ही घ्या, ‘एचडीआर’ शिक्क्याला किंमत देऊ नका आणि खिडकीला जाड पडदा लावा. काळोख वाढवण्याचा तो सर्वांत स्वस्त मार्ग आहे.

२२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांहून मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे. वाचलेले पैसे दहा इंच वाढवण्यात घालण्याचा मोह होतो. सोफ्याच्या अंतराचा हिशोब ज्या आकाराशी थांबतो तिथेच थांबा आणि ती रक्कम चांगल्या पॅनेलवर लावा. तिथेही काटकसर करायची वेळ आली तर एट-के आधी सोडा, मग १२० हर्ट्झ, मग डॉल्बी व्हिजनचा हट्ट. लोकल डिमिंग आणि संवादासाठीचा स्पीकर मात्र शेवटपर्यंत सोडू नका.